डेल्टा वेगाची गलबते

चुका काढणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. मुरुडच्या एका शाळेत एकतीस वर्षे विज्ञान आणि गणित शिकवले. त्यात लाल शाईच्या किती बाटल्या संपल्या याचा हिशेब नाही. निवृत्तीनंतर उत्तरपत्रिका थांबल्या, खोड राहिली. सध्या ती मी विज्ञानकथांच्या जुन्या मालिकांवर भागवतो. या लेखात अशाच एका मालिकेचा एकच भाग तपासायला घेतला आहे. तपासता तपासता समासात माझीही एक चूक सापडली. ती लपवणार नाही.

मालिका ‘स्टार ट्रेक’. भाग ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’, म्हणजे ‘जिथे कोणी माणूस गेला नाही’. लेखक सॅम्युएल पीपल्स, दिग्दर्शक जेम्स गोल्डस्टोन. चित्रीकरण १९६५ च्या जुलैमध्ये झाले आणि अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर हा भाग २२ सप्टेंबर १९६६ रोजी दिसला. (त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. निव्वळ योगायोग, पण मला आवडणारा.) आपल्याकडे ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. ‘स्पेस सिटी सिग्मा’तला झखाकू आणि ‘कॅप्टन व्योम’ झालेला मिलिंद सोमण हे सगळे नंतरचे. आमच्या पिढीने पडद्यावर नियमितपणे पाहिलेले पहिले अवकाशयान म्हणजे हे ‘एंटरप्राइज’.

आमच्या आळीत तेव्हा दोनच टीव्ही होते, दोन्ही कृष्णधवल. पोफळीच्या खोडाला लोखंडी पाइप बांधून, त्यावर अँटेना चढवून तिचे तोंड उत्तरेला मुंबईकडे करायचे. वारा फिरला की चित्र जायचे आणि कोणीतरी पोरगा वर चढायचा. संवाद इंग्रजीतले, तेही खरखरीतून येणारे. बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते कळत. म्हणून सोमवारी वर्गात पहिली दहा मिनिटे मी आदल्या दिवशीची गोष्ट मराठीत सांगायचो. विज्ञान शिकवण्याची ही माझी युक्ती होती आणि तिचा मला थोडा गर्वही होता.

गोष्ट थोडक्यात अशी. कॅप्टन कर्कचे यान आकाशगंगेच्या कडेपाशी पोहोचले आहे. तिथे त्यांना ‘व्हॅलियंट’ नावाच्या, दोनशे वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या यानाची नोंदपेटी सापडते. पुढे गेल्यावर आकाशगंगेच्या सीमेवर ऊर्जेची एक भिंत लागते. तिला धडकून यानाची मुख्य इंजिने जळतात, काही माणसे मरतात, आणि कर्कचा जिवलग मित्र गॅरी मिचेल याच्या डोळ्यांत चांदीसारखी चमक येते. त्याला मनोबलाने वस्तू हलवता येऊ लागतात, दुसऱ्याच्या मनातले कळू लागते, आणि हळूहळू माणसे त्याला किड्यांसारखी वाटू लागतात. मित्राला मारायचे की यान घालवायचे, हा कर्कपुढचा पेच. त्याला तो डेल्टा वेगा नावाच्या ओसाड ग्रहावर कायमचा सोडायला नेतो, आणि शेवटी तिथेच त्याच्याशी लढतो.

गोष्ट चांगली आहे, हे आधीच सांगतो. सत्ता हाती आलेल्या मित्राच्या डोळ्यांतली ओळख कशी विझत जाते, हे गॅरी लॉकवुडने फार संयमाने दाखवले आहे. (हाच नट पुढे १९६८ मध्ये ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’त फ्रँक पूल झाला.) वाईट कथेतल्या चुका काढण्यात काही अर्थ नसतो, तिथे सगळेच सैल असते. चांगल्या कथेतली चूक मात्र कुठे आहे आणि किती खोल आहे, हे पाहावे लागते.

सगळ्यात प्रसिद्ध चूक दगडावर कोरलेली आहे, अगदी शब्दशः. मिचेल आपल्या शक्तीने कर्कसाठी थडगे तयार करतो आणि त्यावरच्या शिळेवर नाव उमटते ‘जेम्स आर. कर्क’. पुढे साऱ्या जगाने ‘जेम्स टी. कर्क’ पाठ केले. जिवलग मित्राला, तोही मने वाचणारा, मित्राच्या नावातले अक्षर ठाऊक नसावे! चाहत्यांनी यावर बरेच तर्क लढवले आहेत. माझ्या मते तर्काची गरज नाही. पात्राचे नाव तेव्हा अजून पक्के झालेले नव्हते, इतकेच. तीच गोष्ट स्पॉकची. सुरुवातीला बुद्धिबळ खेळताना तो सांगतो की त्याच्या एका पूर्वजाने मानवी स्त्रीशी लग्न केले होते. पुढे १७ नोव्हेंबर १९६७ च्या ‘जर्नी टू बेबल’ या भागात ती मानवी स्त्री म्हणजे त्याची सख्खी आई निघाली. आईला ‘पूर्वजाची बायको’ म्हणणारा मुलगा आपल्याकडे कुणाच्या पंगतीला बसू शकणार नाही, पण तर्कनिष्ठ व्हल्कनांकडे चालत असावे.

याच जातीच्या आणखी काही चुका आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत डॉक्टर मॅकॉय; या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर पायपर नावाचे वयस्क गृहस्थ; चौथ्या आठवड्यात पुन्हा मॅकॉय, आणि मधल्या बदलाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. गणवेशांची गळपट्टी वेगळी, स्पॉकच्या अंगावर निळ्याऐवजी सोनेरी सदरा. कारण उघड आहे. हा भाग मालिका मंजूर होण्याआधी नमुना म्हणून बनवला होता. ‘द केज’ हा पहिला नमुना वाहिनीने नाकारला, म्हणून हा दुसरा. मग नवे भाग तयार झाले आणि प्रसारणात हा त्यांच्या मागे, तिसऱ्या जागी लागला. चूक लेखकाची नाही, दिग्दर्शकाची नाही, क्रम लावणाऱ्याची आहे. आणि मुरुडला ती चूक नव्हतीच! आमच्या पडद्यावर सोनेरी आणि निळा दोन्ही राखाडीच. आकाशगंगेच्या कडेची गुलाबी भिंत म्हणजे पांढरट फरपाटा. तो कथेतला की वाऱ्याने फिरलेल्या अँटेनाचा, हे आधी ठरवावे लागे. तीसेक वर्षांनी मुलाच्या संगणकावर हा भाग रंगीत पाहिला तेव्हा मला स्पॉकचा सदरा पहिल्यांदा दिसला. सातत्यदोष हा पुष्कळदा प्रेक्षकाच्या यंत्राचाही भाग असतो, हे तेव्हा कळले.

अशा दोषांना मी अर्ध्या गुणापेक्षा जास्त कापत नाही. आता जिथे खरोखर लेखणी थांबते तिथे येऊ.

त्याच थडग्याच्या शिळेवर नावाखाली दोन आकडे आहेत : १२७७.१ ते १३१३.७. हे मालिकेतले ‘तारकादिनांक’. कर्कच्या नोंदी या भागात १३१२.४ पासून सुरू होतात आणि १३१३.८ ला संपतात. म्हणजे सगळे कथानक १.४ एककांत उरकले. त्यात कडेपर्यंतचा प्रवास, अपघात, मग काही प्रकाशदिवस दूर असलेल्या ग्रहापर्यंत अधू इंजिनावर रखडत जाणे, तिथली दुरुस्ती आणि लढाई, इतके आहे. हे सगळे निदान पाच दिवसांचे धरा, सढळ हाताने दहा दिवसांचे धरा. शिळेवरचे दोन आकडे जन्म-मृत्यूचे असतील तर कर्कचे आयुष्य ३६.६ एककांचे. त्रैराशिक मांडले की मृत्युसमयी कॅप्टनचे वय चार ते नऊ महिने येते. उलट ३६.६ ही वर्षे मानली तर या कथेला जवळपास एक वर्ष पाच महिने लागले. दोन्ही उत्तरे आठवीचा मुलगाही स्वीकारणार नाही. मालिकेच्या लेखकांना सूचनाच अशी होती, की कोणतेही चार आकडे घ्या आणि पुढे एक दशांश लावा. शतक कोणते ते कळू नये, हा हेतू. हेतू समजतो. पण दिनांक म्हणजे काय, याचा विचार मात्र त्यात नाही.

आमच्या किनाऱ्यावर दिनांक ही मोजायची वस्तू आहे. कोळीवाड्यातले म्हातारे तिथीचा पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी आणि मध्यरात्री उधाण. दिवसाचे नाव सांगितले की पाणी कुठे असेल, होडी कधी लोटायची, हे ठरते. तारकादिनांकावरून कोणालाही काहीही ठरवता येत नाही. त्यामुळे पुढे हाल झाले. १२ जानेवारी १९६७ च्या ‘द स्क्वायर ऑफ गॉथॉस’मध्ये पृथ्वीपासून नऊशे प्रकाशवर्षांवरचा एक विक्षिप्त जीव पृथ्वीचे नऊशे वर्षांपूर्वीचे, नेपोलियनच्या वेळचे रूप पाहून तसा थाट मांडतो. दूरचे पाहणे म्हणजे जुने पाहणे, हे विज्ञान तिथे अगदी बरोबर आले, आणि कथा सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या शतकात जाऊन पडली. पाचच आठवड्यांनी ‘स्पेस सीड’ने तीच माणसे विसाव्या शतकाच्या शेवटापासून दोन शतकांवर आणून ठेवली. विज्ञान बरोबर आल्यामुळे सातत्य मोडले, असे हे दुर्मिळ उदाहरण.

आपल्या भागातही शतकाचा एक धागा सुटून बाहेर आला आहे. आजारी मिचेल एक प्रेमकविता म्हणून दाखवतो आणि सांगतो, की ती १९९६ मध्ये ‘कॅनोपस’च्या ग्रहावर लिहिली गेली. कॅनोपस म्हणजे आपला अगस्त्य. हिवाळ्याच्या रात्री मुरुडच्या पुळणीवर उभे राहिलात तर दक्षिणेला क्षितिजापासून एकोणीस अंशांपर्यंत वर येणारा तेजस्वी तारा तोच. पुराणातल्या अगस्तींनी समुद्र प्राशन केला, हा मात्र समुद्राच्या काठाने चालतो. त्याचे अंतर सुमारे ३१० प्रकाशवर्षे. १९९६ मध्ये तिथे पोहोचायचे तर प्रकाशालाही १६८६ मध्ये, म्हणजे जंजिऱ्याला वेढा घालून परतलेल्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत निघावे लागेल. प्रकाशाहून वेगवान यानाची सबब मी मान्य करीन, तो या प्रकारच्या कथेचा परवानाच आहे. पण १९६५ मध्ये लिहिताना, एकतीस वर्षांनी माणूस अगस्त्यावर बसून प्रेमकविता लिहील हे मान्य करणे कठीण. कवी परग्रहावरचा असेल म्हणावे, तर त्याने सन आपला का वापरावा?

आता भिंत. आकाशगंगेला कुंपण नाही. तिची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे व्यासाची. सूर्य केंद्रापासून सव्वीसेक हजार प्रकाशवर्षांवर, आणि आपल्या आसपास तबकडीची जाडी हजार प्रकाशवर्षांच्या घरात. कडेकडे तारे विरळ होत जातात, बाहेर विरळ ताऱ्यांचे तेजोवलय असते, आणि सत्तरच्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या निरीक्षणांनंतर पटत गेले की दीर्घिकांमध्ये न दिसणारे द्रव्य दिसणाऱ्याच्याही बाहेरवर पसरलेले असावे. समुद्र कुठे संपला हे ओहोटीच्या ओल्या वाळूत उभे राहून सांगता येत नाही, तसेच हे. पण मालिकेतली कड इतकी रेखीव की ‘व्हॅलियंट’ आकाशगंगेच्या बाहेर अर्धे प्रकाशवर्ष गेले, असे नोंदपेटी सांगते. लाख प्रकाशवर्षांच्या धुक्याची कड अर्ध्या प्रकाशवर्षाच्या अचूकतेने! शिवाय ती भिंत पडद्यावर चक्क पट्ट्यासारखी दिसते. वरून किंवा खालून का जात नाहीत, हा प्रश्न विचारायला विज्ञान शिकलेले असावे लागत नाही.

निसर्गात अशी एखादी कड आहे, ती सूर्याच्या वाऱ्याची. व्हॉयेजर-१ ने ती २५ ऑगस्ट २०१२ रोजी ओलांडली आणि त्याच्या उपकरणांत बाहेरच्या विश्वकिरणांची मोजदाद खरोखर वाढली. पण तिथून प्रकाश सतरा तासांत सूर्यापर्यंत पोहोचतो, आणि तेवढे जायला त्या यानाला पस्तीस वर्षे लागली. हे प्रमाण डोक्यात ठेवून ‘व्हॅलियंट’कडे पाहा. त्याची जुनी ‘इम्पल्स’ इंजिने, म्हणजे प्रकाशापेक्षा मंद गतीची, कमी पडली असे कर्क सांगतो. अशा इंजिनावर तबकडीच्या कडेपर्यंत जायला वीस-पंचवीस हजार वर्षे कमीच. तबकडीला आडवे छेदून जायचे म्हटले तरी काही शतके. ते यान मात्र दोनशे वर्षांपूर्वीच तिथे जाऊन, बाहेर फेकले जाऊन, परतही फिरले होते.

त्याला तिकडे नेले कोणी? चुंबकीय वादळाने. या शब्दावर रायगड जिल्ह्यातल्या माणसाचा थोडा हक्क आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला हलवले. तिथल्या मापनाच्या इमारतींत लोखंड येऊ दिले नाही. त्याआधी कुलाब्यालाच २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची नोंद झाली होती. पृथ्वीच्या क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट. इतिहासातले हे सर्वांत मोठे नोंदलेले वादळ. आणि मूळ क्षेत्र अडतीस हजारांच्या आसपास! म्हणजे इतक्या भीषण वादळानेही चार-साडेचार टक्क्यांचाच फरक पडला. त्याने तारायंत्रे बिघडली, पण किनाऱ्यावरचे एकही गलबत हलले नाही. ‘वादळ’ हा शब्द ऐकून पटकथेने त्याला वाऱ्याचे काम दिले. रूपक खरे मानण्याची ही चूक विज्ञानकथांत वारंवार होते, आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकांतही.

अतींद्रिय शक्तीबद्दल फार लिहीत नाही. यानावरच्या प्रत्येकाच्या सेवापुस्तिकेत तिचा गुणांक नोंदलेला आहे, जणू रक्तगट. १९६५ च्या अमेरिकेत या विषयावर विद्यापीठीय प्रयोग होत होते, त्यामुळे ती काळाची चूक म्हणू. अशा दाव्याची परीक्षा कशी घ्यावी याचा वस्तुपाठ आपल्याकडे जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी घालून दिला आहे. मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना दिल्या आणि हुशार कोण, मतिमंद कोण ते सांगायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणेफेक बरी.

आता डेल्टा वेगा. पहिली गोष्ट म्हणजे हे नावच व्याकरणात बसत नाही. ग्रीक अक्षर लागते ते तारकासमूहाच्या नावाला. वेगा म्हणजे अभिजित हा स्वतः स्वरमंडळ या समूहातला पहिला तारा. ‘डेल्टा वेगा’ म्हणजे ‘पुणे जिल्ह्यातील चौथा सदाशिव पेठ तालुका’ म्हटल्यासारखे झाले. दुसरे, अभिजित आपल्यापासून पंचवीस प्रकाशवर्षांवर, अगदी शेजारी; आकाशगंगेची कड तिथे कुठून आली? (२००९ च्या चित्रपटात हे नाव उचलून थेट व्हल्कनच्या शेजारच्या ग्रहाला देण्यात आले. नावाला घर मिळेना, हेच खरे.) तिसरे, संभाव्यता. इंजिने जळाली त्या जागेपासून हा ग्रह काही प्रकाशदिवस दूर. चार धरू. आपल्याला सर्वांत जवळचा परका तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे साधारण १५५० प्रकाशदिवसांवर आहे. १५५० ला चाराने भागा आणि उत्तराचा घन करा. कुठेही बंद पडलेल्या यानाला चार प्रकाशदिवसांत एखादा तारा भेटण्याची शक्यता पाच-सहा कोटींत एक. तीही आपल्या बऱ्यापैकी गजबजलेल्या भागात. विरळ कडेला त्याहून कमी.

कथेत योगायोग चालतो. पण इथे योगायोगाने कथेचा पायाच उखडला आहे. कर्क नोंदवहीत सांगतो, की जे तळ काही दिवसांवर होते ते आता काही वर्षांच्या अंतरावर गेले. हे वाक्य या भागाचे काळीज आहे. आपण एकटे आहोत, मदत येणार नाही, जे करायचे ते आपल्यालाच, यातूनच मित्राला मारण्याचा निर्णय उभा राहतो. लगेच पुढे खाण, वीजघर आणि दुरुस्तीचे सामान असलेला ग्रह हाताशी येतो. एकटेपणा पाच मिनिटेही टिकत नाही. आणि जरा बारकाईने पाहिले तर त्या वाक्यातच दुसरी गोम आहे. प्रकाशापेक्षा मंद गतीने जे तळ काही वर्षांवर, ते काही प्रकाशवर्षांपेक्षा दूर असूच शकत नाहीत. म्हणजे माणसांची वस्ती आकाशगंगेच्या कडेला टेकलेली होती.

इथे तो मुलगा येतो.

त्या सोमवारी मी वर्गात ही गोष्ट सांगितली. डेल्टा वेगावर कोणी राहत नाही, लिथियमचे खनिज शुद्ध करणारे स्वयंचलित केंद्र तेवढे आहे, दर वीस वर्षांनी मालवाहू याने येऊन माल घेऊन जातात, म्हणून मिचेलला तिथे सोडायचे ठरते, असे रंगवून सांगितले. मालवाहू यानांना मी मुलांना समजावे म्हणून गलबते म्हटले. मागच्या बाकावरून कोळीवाड्यातला एक मुलगा उठला. एरवी तो वर्गात बोलत नसे. पहाटे वडिलांबरोबर होडीवर जाऊन यायचा आणि दुसऱ्या तासाला डुलक्या घ्यायचा. त्याने विचारले, “सर, गोष्टीचं नाव काय सांगितलंत?”

“जिथे कोणी माणूस गेला नाही.”

“मग ती गलबतं कोणाची?”

वर्ग हसला. मीही हसलो. “गोष्टीत असं विचारायचं नसतं, बस खाली,” असे म्हणालो आणि न्यूटनचा नियम शिकवायला घेतला. त्याने त्यानंतर वर्षभरात मला दुसरा प्रश्न विचारल्याचे आठवत नाही.

मी नंतर या भागावरचे जेवढे लिखाण मिळाले तेवढे वाचले. ‘आर’ आणि ‘टी’वर पाने भरली आहेत. भिंतीवर, सदऱ्यांवर, बंदुकीवर लिहिले आहे. त्या मुलाच्या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिलेले माझ्या वाचनात आले नाही. आणि मला आता असे वाटते की या भागातली सर्वांत मोठी चूक तीच आहे. तिला सातत्यदोष म्हणा किंवा विज्ञानदोष, दोन्ही लहान पडतात. दोनशे वर्षांपूर्वी ‘व्हॅलियंट’ येऊन गेले. खाण खणणारे आले, केंद्र उभारून गेले. खलाशी वीस-वीस वर्षांच्या पाळीने येतात. शेजारी तळ आहेत. तरी नायकाचे यान आले की तो प्रदेश अस्पर्श ठरतो. खाणीवर आणि गलबतांवर काम करणारी माणसे मोजणीत धरायची नाहीत, एवढे केले की शीर्षक बरोबर ठरते.

हा हिशेब मुरुडच्या माणसाला ओळखीचा वाटला पाहिजे होता. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा दिसतो. तो राखणाऱ्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून या समुद्राने आले, आणि अरबस्तान, गुजरात, कोकण, मलबार यांची गलबते मोसमी वाऱ्यांवर शतकानुशतके ये-जा करत होती. १४९८ मध्ये वास्को द गामा मालिंदीहून वाटाड्या बरोबर घेऊन कालिकतच्या किनाऱ्याला लागला. वाट दाखवायला माणूस होता, म्हणजे वाट होती. तरी आमच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘भारताचा सागरी मार्ग शोधला’ हेच वाक्य होते, आणि त्याच शाळेत, दोन वर्ग पलीकडे, ते पाठ करून घेतले जात होते. १९८७ च्या नव्या मालिकेत ‘नो मॅन’ काढून ‘नो वन’ केले. स्त्रिया वगळल्या जात होत्या ही चूक त्यांच्या लक्षात आली, हे चांगलेच झाले. गलबतांची दखल त्या दुरुस्तीनेही घेतली नाही.

कोणी म्हणेल, पन्नास मिनिटांच्या करमणुकीकडून एवढी अपेक्षा कशाला? अपेक्षा मालिकेकडून नाहीच, ती मी माझ्याकडून करायला हवी होती. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. ते टोपणनाव म्हणजे नारळीकरांच्या आद्याक्षरांची उलटापालट. गेल्या २० मे रोजी, २०२५ मध्ये, ते गेले तेव्हा ती गोष्ट सगळ्यांनी पुन्हा सांगितली, ती त्यांच्या विनयाची म्हणून. मला त्यात आणखी काही दिसते. नाव झाकले की प्रश्न किंवा कथा स्वतःच्या पायावर उभी राहते. त्या सोमवारी हाच प्रश्न पहिल्या बाकावरच्या एखाद्या वकिलाच्या मुलाने विचारला असता, तर मी त्याला बसवले असते का? मला उत्तर ठाऊक आहे, आणि ते लिहिताना बरे वाटत नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, सुरूची रांग झोपली, वीज बरेच दिवस नव्हती. त्या दिवसांत संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसण्याखेरीज काही उद्योग नव्हता. तिथे तो होडीची फळी बदलत होता. आता तो स्वतः तांडेल आहे, केस पांढरे झालेत. मी त्याला तो तास आठवून दिला, प्रश्न सांगितला, आणि माझे चुकले असेही सांगितले. त्याला काहीच आठवत नव्हते. ‘स्टार ट्रेक’ नाही, गोष्ट नाही, हसलेला वर्ग नाही. मला वाईट वाटू नये म्हणून त्याने हातातली पटाशी बाजूला ठेवून विचारले, “कसली खाण होती ती?”

“लिथियमची.” पुढच्या भागांत त्याचे ‘डायलिथियम’ झाले हे मी सांगणार होतो. खऱ्या मूलद्रव्याबद्दल कोणीही खोटे पाडू शकतो, कल्पित द्रव्याबद्दल नाही, म्हणून तो बदल केला असावा, असा माझा अंदाज आहे. पण त्याने खिशातून मोबाइल काढला. वीज नसल्याने तो मुलाच्या गाडीवर चार्ज करून आणला होता.

“ह्याच्या बॅटरीत असतं तेच?”

“तेच.”

“मग वीस वर्षं कोण थांबतंय, सर,” तो म्हणाला आणि फळीकडे वळला.